एकटं पोरगं आणि गेटवरची कुत्री: ही दोस्ती तोडायची का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. लातूरकडच्या एक ताई, जूनमध्ये कुटुंबासकट पुण्यात राहायला आल्या, मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. नवी शाळा, बोलण्यावरून पोरं चिडवतात, सोसायटीत कोणी खेळायला घेत नाही, नवरा शिफ्ट ड्युटीला आणि ताई स्वतः पण नोकरीला. गेले ३ महिने पोरगा गेटजवळच्या एका तपकिरी कुत्रीपाशी जाऊन बसतो, डब्यातली पोळी तिला घालतो. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आलीये. आणि एका संध्याकाळी ताईंनी जिन्यातून ऐकलं की तो त्या कुत्रीला शाळेत काय काय झालं ते सगळं सांगतोय, जे त्याने घरी एकदाही सांगितलेलं नाही. तर त्यांचे प्रश्न तीन, हे बंद करू का, रेबीजची भीती किती खरी आहे, आणि माझ्या मुलात काही बिघडलंय का.

ताई, मी जनावरांची डॉक्टर. परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजमधून शिकले, गेली २२ वर्ष पुण्यात प्रॅक्टिस करतेय, त्यातली बरीच वर्ष सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदीची ऑपरेशनं आणि संध्याकाळी दवाखाना असं चाललंय. मी मुलांची डॉक्टर नाही, पण कुत्र्यापाशी बसलेली एकटी पोरं मी इतकी बघितलीत की त्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं.

बंद करू नका. आणि हे मी कुत्र्यांवरच्या प्रेमापोटी सांगत नाहीये, तुमच्या मुलाच्या जिवाच्या काळजीने सांगतेय. का ते ऐका.

१५ एक वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे अगदी हाच प्रश्न घेऊन आली होती, मुलगा १० वर्षांचा, वडील वारलेले, गल्लीतल्या एका काळ्या कुत्र्याला चिकटलेला. मी तेव्हा घाईत होते, सरळ सांगून टाकलं की पोराला लांब ठेवा, उगाच रिस्क नको. आईने ऐकलं, पोराला दम भरला. पोरगं काही लांब राहिलं नाही, फक्त लपून जायला लागलं, बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी, जिथे कोणी मोठं माणूस फिरकत नाही. तिथे एक दिवस कुठलं तरी अनोळखी कुत्रं आलं, दोघांची जुंपली आणि ह्याने सोडवायला मधे हात घातला. मनगटाच्या वर दात लागले, रक्त आलं. पोराने ते शाळेच्या नळावर नुसतं पाण्याने धुतलं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ४ दिवस घरात वावरला. चौथ्या दिवशी आजीने न्हाऊ घालताना बघितलं. मग धावपळ, सरकारी दवाखाना, लस, जखमेत सीरमची इंजेक्शनं (लस काम करायला लागेपर्यंत विषाणूला अडवणारं औषध). वाचला, आता चांगला मोठा झालाय. पण तेव्हा तो माझ्या दवाखान्यात आईच्या मागे उभा होता, मी विचारलं अरे सांगितलं का नाहीस, तर खाली बघून म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याला नेलं असतं."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेली नाही. त्याला चाव्याची भीती नव्हती, दोस्त जाईल ह्याची होती, आणि ती भीती माझ्या सल्ल्यातून आलेली होती. त्या दिवसापासून मी कुठल्याही आईला "लांब ठेवा" एवढंच सांगून परत पाठवत नाही. ज्या पोराला वाटतं की ओरखडा दाखवला तर कुत्रं जाईल, ते ओरखडा दाखवत नाही. आणि रेबीजमध्ये सगळा खेळ वेळेत दाखवण्यावर आहे.

आता भीती किती खरी ते. पूर्ण खरी आहे, मी ती एक रुपयाने कमी करून सांगणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगभरात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसं ह्याने जातात, त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा आपल्या देशाचा धरला जातो, आणि संशयित जनावर चावलेल्यांमध्ये साधारण ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मुलंच का, तर एक म्हणजे ती कुत्र्याच्या जवळ जातात, दुसरं म्हणजे उंचीने लहान त्यामुळे चावा तोंडावर-मानेवर-हातावर बसतो, आणि हा विषाणू नसांमधून मेंदूकडे चालत जातो, म्हणजे चावा जितका मेंदूच्या जवळ आणि जितक्या जास्त नसा असलेल्या जागी तितका धोका जास्त. आणि तिसरं कारण वर सांगितलं तेच, मुलं सांगत नाहीत.

पण ह्याच आजाराची दुसरी बाजू अशी की लक्षणं सुरू व्हायच्या आधी उपचार पूर्ण आणि नीट झाले तर तो जवळपास शंभर टक्के टाळता येतो. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ ला ज्या पहिल्या मुलाला लस दिली, जोसेफ माइस्टर, तोही ९ वर्षांचाच होता, तुमच्या मुलाएवढा. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला बऱ्याच ठिकाणी चावलं होतं, आणि तो वाचला. १८८५ ला! आज तर लस कितीतरी सुधारलेली आहे, पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात देतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मी सगळ्यात आधी काय करेन तर त्याच्या बालरोगतज्ज्ञांना भेटून चावण्याआधीच द्यायची रेबीजची लस विचारेन. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं की अशी काही सोय आहे. जी मुलं सारखी कुत्र्यांच्या सहवासात असतात त्यांना डॉक्टर ३ डोस सुचवतात, आज, ७ व्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. हे झालेलं असेल तर पुढे कधी चावलंच तर नुसते २ डोस पुरतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि जखमेत टोचायचं ते सीरम लागत नाही. ते सीरम मुलांना फार दुखतं ताई, आणि प्रत्येक ठिकाणी वेळेवर मिळेलच असंही नसतं. म्हणून हे ३ डोस म्हणजे तुमच्या झोपेचा विमा समजा. पण लक्षात ठेवा, हे घेतलं म्हणून चावल्यावर काहीच करायचं नाही असं अजिबात नाही, ते २ डोस लागतातच.

आणि चावलं किंवा ओरखडलं तर, हे मुलाला स्वतःला पाठ पाहिजे, पहिलं काम नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुणं. घड्याळ लावून १५ मिनिटं, २ मिनिटं नाही. साबणाने ह्या विषाणूचं वरचं आवरण फुटतं, त्यामुळे हे धुणं म्हणजेच अर्धा उपचार आहे. हळद, चुना, तिखट, तेल, काही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, टाके शक्यतो लगेच घालायचे नाहीत, आणि मांत्रिक-उतारा ह्यात एक तासही घालवायचा नाही (गावाकडून फोनवर हा सल्ला हमखास येतो, प्रेमानेच येतो, पण ऐकायचा नाही). मग लगेच दवाखाना. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं तर धुऊन टाकायचं, लस लागत नाही. कातडीला दात लागला, खरचटलं पण रक्त नाही, तर लस. रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर लस आणि सीरम दोन्ही. १० दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं हे खरं, पण म्हणून लस १० दिवस थांबवायची नाही, लस आजच सुरू करायची. आणि "पिल्लूच तर होतं" असं म्हणून सोडून देऊ नका, पिल्लांनाही रेबीज होतो, आणि माझ्या अनुभवात दुर्लक्ष झालेले ओरखडे बहुतेक पिल्लांचेच असतात.

कुत्रीचं काय? एकदा तिचा कान बघा. कानाच्या टोकाला खाच असेल किंवा टोक कापलेलं असेल तर तिची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही टोचलेली असते. पण ती लस दरवर्षी लागते, त्यामुळे खाच बघून निर्धास्त व्हायचं नाही, शेवटची कधी दिली ते वॉचमनला किंवा तिला खायला घालणाऱ्यांना विचारा, कोणालाच माहीत नसेल तर झालीच नाही असं समजा आणि टोचून घ्या. खाच नसेल तर महापालिकेकडे किंवा नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थेकडे नोंद करा. हे मी का म्हणतेय, कारण पिल्लं झालेली कुत्री सगळ्यात वेगळी वागते. एरवी पायाशी लोळणारी कुत्री पिल्लांजवळ गेल्यावर फोडून काढते, आणि पोरांना तर नेमकी पिल्लंच बघायची असतात. आपल्याकडे पावसाळा सरता सरता कुत्र्या माजावर येतात, ६३ दिवसांच्या आसपास वितात, म्हणजे थंडीत सगळीकडे पिल्लं. त्याच्या आत नसबंदी झालेली बरी. लशीबरोबरच जंताचं औषध दर ३ महिन्यांनी आणि गोचिडांचा उपाय. गोचीड मुलाने हाताने ओढायचा नाही, चिरडायचा तर अजिबात नाही. तिला केस गळून खरूज झालेली दिसली तर बरी होईपर्यंत हात लावणं बंद, ती माणसालाही खाज देते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात तिच्याशी खेळणं बंद, लेप्टो म्हणून (जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा आजार). आणि घरी आल्यावर साबणाने हात, ह्यात सूट नाही.

एवढं वाचून दमला असाल, पण ही कामं एका रविवारची आहेत. तो रविवार मुलाबरोबर काढा, म्हणजे मला नेमकं काय म्हणायचंय ते पुढे कळेल.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी आणि अर्ध्या ओळीत लिहिलाय, आणि मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे. मुलात काही बिघडलंय का. नाही ताई. एकटं वाटत असताना कोणाशी तरी बोलावंसं वाटणं हे बिघडणं नाही, ते शाबूत असल्याचं लक्षण आहे. तो बोलतोय! जिथे सुरक्षित वाटतं तिथे बोलतोय. कुत्री त्याच्या बोलण्याला हसत नाही. "काय करू लालो" म्हटलं म्हणून ती त्याची नक्कल करत नाही (मी परभणीची शिकलेली आहे, पुण्यात आल्यावर माझ्याही बोलण्याला लोक हसायचे, तेव्हा २५ वर्षांची असून मला ते लागायचं, तो तर ९ वर्षांचा आहे).

मुलांच्या मानसोपचारात ही गोष्ट फार आधी कोणाच्या तरी लक्षात आलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेविन्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे एक अजिबात न खुलणारा मुलगा ठरल्या वेळेच्या आधी येऊन पोचला, त्यांचा कुत्रा जिंगल्स तिथेच होता, आणि तो मुलगा कुत्र्याशी खेळायला लागला, बोलायला लागला. लेविन्सननी १९६० च्या दशकाच्या सुरवातीला हे आपल्या व्यवसायातल्या लोकांपुढे मांडलं. त्यांचं म्हणणं असं की कुत्रा मधे असला की मूल आधी त्याच्याशी मोकळं होतं आणि मग हळूहळू समोरच्या माणसाशी. हे "मग माणसाशी" तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, त्यावर येतेच.

आणि कुत्रीच्या बाजूनेही हे नुसतं पोळीपुरतं नसतं बरं का. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात, परदेशी पाळीव कुत्र्यांचा नाही. त्यांच्या २०१७ च्या एका प्रयोगात रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने काही दिवस एकतर खायला दिलं किंवा डोक्यावरून हात फिरवला, तर विश्वास बसायला खाण्यापेक्षा हात फिरवणं जास्त कामी आलं. जपानमध्ये २०१५ ला असं दिसलं की पाळलेला कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यात बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच. मी रोज बघते ते वेगळं काही नाही. विश्वासातलं कुत्रं बसलेल्या माणसाच्या बाजूला येतं, आधी थोडं अंतर ठेवून उभं राहतं, मग पाठ वळवून मागचं अंग हळूच मांडीला टेकवतं आणि सगळा भार सोडून देतं. १५ किलोचं जनावर अंगावर रेलतं तेव्हा त्याचा श्वास आपल्या बरगडीला लागतो. ज्या पोराला दिवसभर वर्गात कोणी बाकावर शेजारी बसू दिलेलं नाही त्याच्या बरगडीला तो श्वास लागतो तेव्हा काय होत असेल, विचार करा.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते. तुमच्या पूर्ण प्रश्नात त्या कुत्रीचं नाव नाहीये. त्याने ठेवलेलं असणार, शंभर टक्के. ते त्याला विचारा. "ती कुत्री" म्हणू नका, नावाने विचारा, आज काय म्हणत होती, जेवली का. पण जिन्यातून ऐकलेलं मात्र तोंडातून काढू नका, "तू तिला ते सांगत होतास ना" असं चुकूनही नको, तो तिथेही बोलायचा बंद होईल. शाळेतल्या चिडवण्याबद्दल तुम्ही तुमच्या तुम्ही वर्गशिक्षकांशी बोला, त्याचं नाव पुढे न करता.

मग त्याच्याबरोबर खाली जा, रोज १० मिनिटं, ऑफिसवरून आल्यावर पर्स खांद्यालाच असू दे हवं तर. तुम्हाला कुत्र्याची भीती वाटत असेल तर तसं त्याला सांगा, "मला भीती वाटते, तू शिकव कसं जवळ जायचं." मी बघितलंय, अशा वेळी पोरं एकदम मोठी होतात, आईचा हात धरून सांगतात की अशी नको अशी उभी राहा. तुमच्या मुलाला पुण्यात आल्यापासून कोणी काही विचारलंय का की बाबा हे तुला येतं, मला दाखव?

फक्त त्याला जे येतं ते बरोबर येऊ दे. म्हणून काही गोष्टी. कुत्रं झोपलेलं असताना, खात असताना, पिल्लांजवळ असताना हात नाही. समोरून येऊन डोक्यावर हात नाही, बाजूला बसायचं, तिला येऊ द्यायचं, छातीला नाहीतर मानेच्या बाजूला खाजवायचं, ३ सेकंद खाजवून थांबायचं. ती आणखी जवळ सरकली तर पुढे, नाही सरकली तर आज तिचा मूड नाही, संपलं. गळ्यात हात टाकून मिठी नाही, हे पोरांना सगळ्यात जड जातं, पण बहुतेक कुत्र्यांना मिठी म्हणजे अडकवलं असं वाटतं आणि तेव्हा पोराचं तोंड तिच्या तोंडाजवळ असतं. शेपूट हलतेय म्हणजे खूष असं नसतं, कंबरेसकट सैल हलते ती वेगळी आणि ताठ उभी राहून नुसतं टोक थरथरतं ती वेगळी. अंग एकदम कडक झालं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागला, तोंड मिटलं, वरचेवर जांभया किंवा जीभ ओठांवरून फिरायला लागली की हात मागे. गुरगुरली तर तिला रागवायचं नाही, ती आधी सांगतेय हा तिचा चांगुलपणा आहे, ज्या कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल मार पडतो ते पुढच्या वेळी न सांगता चावतं.

दोन कुत्री भांडत असताना मधे पडायचं नाही. कधीच नाही, आपली असली तरी नाही. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं, हात छातीशी, नजर खाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपली ओळखीची कुत्री एक दिवस ओळख न दाखवल्यासारखी वागली, आवाज घोगरा झाला, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, उगाच दगड-काठ्या चावतेय, किंवा एकदम मलूल होऊन अंधारात जाऊन बसलीये, तर जवळ जायचं नाही आणि लगेच मोठ्यांना सांगायचं. प्रेम करणारी माणसं अशा वेळी घशात हाडूक अडकलंय वाटून तोंडात हात घालतात. मोठी माणसंसुद्धा घालतात, मी बघितलंय.

आपल्याकडे नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहितीये, कुत्र्याने पोळी पळवली तर कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले. मुलाला जरूर सांगा, त्याला आवडेल. फक्त पळणाऱ्या कुत्र्यामागे आपण धावायचं नाही हेही त्याच बैठकीत सांगा.

पोळीवरून आठवलं. तो डब्यातली देतोय म्हणजे स्वतः उपाशी राहतोय. उद्यापासून तिच्या वाटणीची एक पोळी वेगळी करून त्याच्याकडे द्या. गावाकडे उरलेली भाकरी कुत्र्याला टाकायची रीत आहेच ना, तेच. साधी पोळी, भात, उकडलेलं अंडं चालतं. कांदा-लसूण घातलेली भाजी, चॉकलेट, द्राक्षं-मनुका, शिजवलेल्या चिकनची हाडं नाही. गोड बिस्किटांनी नुसतं पोट भरतं. बाहेर पाण्याचं एक भांडं ठेवा, ते रोज घासायचं काम त्याचं, आणि रोज म्हणजे डासांसाठी पण.

आता सोसायटी. तक्रार करणारे सगळे दुष्ट असतात असं नाही, आणि इथे त्यांचं थोडं बरोबरही आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांमध्ये गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालायला परवानगी आहे, सोसायटीने त्यासाठी जागा ठरवून द्यायची आहे, पण ती जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून लांब पाहिजे असंही त्यातच आहे. म्हणजे गेट ही चुकीची जागा आहे. तिथे दिवसभर स्कूटर, डिलिव्हरीवाले, म्हातारी माणसं, आणि जिथे खायला मिळतं ती जागा कुत्री राखते. सुप्रीम कोर्टानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच म्हटलं, नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून नेली तिथे परत सोडा, फक्त रेबीजची किंवा आक्रमक असलेली सोडू नका, आणि खाणं वाटेल तिथे रस्त्यावर नको, ठरलेल्या जागी. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवाराबद्दल आणखी कडक आदेश आला, तिथून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत असा, त्यामुळे तिला शाळेपर्यंत मागे येऊ द्यायचं नाही हे मुलाला समजावून सांगा, तिच्याच भल्यासाठी.

तेव्हा ग्रुपवर भांडू नका. चेअरमनना प्रत्यक्ष भेटा, लशीचा कागद हातात घेऊन, आणि म्हणा की खायची जागा मी गेटवरून हलवते, पार्किंगच्या मागच्या भिंतीपाशी चालेल का. जागा एकदम नाही बदलत, रोज त्याच वेळी ताट ४-५ फूट पुढे सरकवायचं, दोन आठवड्यांत कुत्री नव्या जागी येते. खाऊन झालं की जागा झाडून घ्यायची. माझा अनुभव असा की कागद आणि झाडू दिसला की निम्मा विरोध मावळतो.

आणि इथेच ते "मग माणसाशी". कुत्री पोराला दोस्त म्हणून पुरेल का? नाही पुरणार, आणि पुरू पण नये. तिला गणित येत नाही, ती त्याला वाढदिवसाला बोलावणार नाही. पण तिच्याभोवती माणसं असतात. प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्याला आणखी कोणीतरी खायला घालतंच, शोधा म्हणजे सापडेल, एखादे रिटायर्ड काका, कॉलेजची मुलगी, वॉचमन. लशीच्या रविवारी त्यांना सांगा. माझ्याकडे असे लशीचे रविवार झालेत त्यात एक मुलगा आठवतो, तोतरा बोलायचा, कोणाशी बोलायचा नाही. कुत्रं त्याच्याशिवाय कोणाला धरू देत नव्हतं. तो खाली बसला, एका हातात ब्रेड, दुसरा हात तिच्या मानेवर, मी मागून सुई दिली, तिला कळलंही नाही. तोपर्यंत आजूबाजूला ७-८ पोरं गोळा झालेली, आणि एकाने विचारलं, "तुला चावत नाही ती?" ह्याला उत्तर द्यायला वेळ लागला, पण सगळे थांबले, कारण उत्तर फक्त त्याच्याकडे होतं. मग दुसऱ्याने विचारलं नाव काय तिचं. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला की दोन पोरं घरी आलीत, कुत्रीला भेटायचंय म्हणून.

दरवेळी असं होतं असं मी म्हणणार नाही. पण संधी तिथे असते.

एक कठीण गोष्ट राहिली, ती टाळून चालणार नाही. गल्लीतल्या कुत्र्याचं आयुष्य भरवशाचं नसतं. कोलकात्याच्याच त्या गटाने ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं, त्यातली १९ टक्केच मोठी झाली, बाकीची गेली, आणि त्यातली बरीच माणसांमुळे गेली, गाड्यांखाली, विषाने, उचलून नेल्याने. तुमच्या मुलाची कुत्री मोठी आहे, शिकलेली आहे रस्त्यावर जगायला, पण तरीही. एक दिवस ती दिसणार नाही असं होऊ शकतं. नसबंदीसाठी नेणार असाल तर त्याला आधी सांगा, गाडी येईल, पिंजऱ्यात नेतील, ऑपरेशन होईल, काही दिवस तिथे राहील आणि इथेच परत येईल. न सांगता नेलीत तर ते काही दिवस त्याच्यासाठी फार वाईट असतील, आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. आणि खरंच काही झालं, तर "ती गावाला गेली", "कोणीतरी बंगल्यात नेली" असं सांगू नका. मुलांना कळतं. गेली असं सांगा, रडू द्या, शक्य असेल तर पुरायला बरोबर न्या. लगेच दुसरं पिल्लू आणून हातात ठेवू नका.

घरी आणू का असं तो विचारेलच. एकदम हो म्हणू नका, एकदम नाही पण म्हणू नका. रस्त्यावर वाढलेल्या ३-४ वर्षांच्या कुत्रीला वन बीएचके म्हणजे कोंडल्यासारखं होऊ शकतं, आणि दिवसभर घरी कोणी नाही. ६ महिने अशीच सांभाळा, तिचं काय ते ती दाखवेल.

आणि बालमानसतज्ज्ञांकडे कधी जायचं ते सांगून ठेवते. झोप उडाली, अंथरुण ओलं व्हायला लागलं, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, जेवण तुटलं, कुत्रीपाशी जाणंही सोडून दिलं (हे विशेष लक्षात ठेवा), स्वतःला किंवा तिला इजा करायला लागला, किंवा मी नसतो तर बरं झालं असतं असं काही बोलला, तर थांबू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलीमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि मुलांसाठी १०९८ आहेच.

तूर्तास एवढं करा. उद्या संध्याकाळी खाली जाऊन तिचा कान बघा, कोणत्या कानाला खाच आहे की नाही ते, आणि फोटो काढून ठेवा, समोरून आणि बाजूने, नोंदीला लागेल. फोटो मुलालाच काढू द्या, तुमच्यासाठी ती मान वळवणार नाही, त्याच्यासाठी वळवेल.